पट्टीतला एक पैसा: डेटाबेस आकडे राउंड कसे करतो आणि अडवतो कसे

दिवाळीनंतर मामा कापसाची पट्टी घेऊन आले. पारोळा तालुक्यात त्यांची कोरडवाहू शेती आहे. तीन खेपांमध्ये त्यांनी जिनिंगला माल घातला होता. पट्टी म्हणजे वजन, भाव, कटती, हमाली आणि शेवटी हातात पडणारी रक्कम लिहिलेला कागद. मामांनी तो माझ्यासमोर पसरला, खिशातून वहीचं पान काढलं आणि दोन्हींवर बोट ठेवून विचारलं, "काय व्हयनं रे हाई?"

हमाली-तोलाईच्या तीन ओळी होत्या. मामांनी हाताने केलेली बेरीज १९९ रुपये ६८ पैसे. पट्टीवर छापलेली १९९ रुपये ६७ पैसे. पैसा कमी कापला गेला होता, म्हणजे फायदा त्यांचाच होता. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता: कॉम्प्युटरला तीन ओळींची बेरीज जमत नसेल, तर वजनाचा आणि भावाचा आकडा मी कशाच्या भरवशावर मानू?

जिनिंग, डाळमिल आणि पतपेढ्यांसाठी हिशोबाचे प्रोग्राम लिहिणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येणार नव्हता. पतपेढीचं व्याज, सराफाचं बिल, वीजबिल, कुठेही असा पैसा-दोन पैशांचा फरक दिसला की लोकांना दोनच शक्यता वाटतात: कोणीतरी लबाडी केली किंवा मशीन बिघडलं. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. आकडा कुठे राउंड करायचा, हे कोणी नीट ठरवलेलंच नसतं.

बेरीज बरोबर, तरी पैसा कमी

हमाली-तोलाई मिळून क्विंटलला ८ रुपये ७० पैसे. पहिली खेप ७.४५ क्विंटल, हमाली ६४.८१५ रुपये. दुसरी ६.१५ क्विंटल, ५३.५०५ रुपये. तिसरी ९.३५ क्विंटल, ८१.३४५ रुपये. अर्धा पैसा कागदावर छापता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ वरच्या पैशाला नेली: ६४.८२, ५३.५१, ८१.३५. यांची बेरीज १९९.६८. मामांचं बरोबर.

पट्टीचा शेवटचा आकडा मात्र प्रोग्रामने वेगळ्या वाटेने काढला होता. त्याने आधी वजनांची बेरीज केली, २२.९५ क्विंटल. तिला ८.७० ने गुणलं, १९९.६६५ आले, ते एकदाच राउंड केले: १९९.६७. हेही बरोबर. तीनदा राउंड करून बेरीज करणं आणि बेरीज करून एकदा राउंड करणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि एकाच कागदावर दोन्ही वापरल्या गेल्या होत्या.

हा माल, ही वजनं, हे भाव जिथे साठवले जातात त्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना ही कल्पना मांडली. आपल्या रोजकीर्द आणि खतावणीसारखंच ते आहे: आखलेले तक्ते, त्यांत रकाने, आणि एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी खूण जुळवून बांधलेली. फरक एवढाच की इथे रकाना आखतानाच सांगावं लागतं की यात कोणत्या जातीचा आकडा बसेल. निम्मे घोटाळे तिथेच जन्माला येतात.

पावशेर, अदपाव, छटाक

कॉम्प्युटरमध्ये अपूर्णांक ठेवायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलीला फ्लोट म्हणतात. ती समजायला आजीच्या वेळची मापं आठवा: शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. फ्लोटकडे हीच वजनं असतात, फक्त छटाकावर न थांबता अर्ध्याचं अर्ध करत खूप खाली जाणारी.

या वजनांनी एक दशांश शेर तोलून पाहा. पावशेर जास्त, अदपावही जास्त. छटाक, म्हणजे एक सोळांश, ठेवा: ०.०६२५. त्याचं निम्मं घाला: ०.०९३७५. पुढची दोन मापं ठेवली की पारडं खाली जातं, म्हणून ती सोडा. त्यानंतरचं घाला: ०.०९७६५६२५. अजून एक: ०.०९९६०९३७५. जवळ जातोय, पण काटा मध्यावर कधीच थांबत नाही. फ्लोटमध्ये ०.१ हा आकडा नेमका बसतच नाही. जवळात जवळचा बसतो. म्हणून बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं.

यात मला एक गोष्ट फार रोचक वाटते. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. आणा म्हणजे एक सोळांश, फ्लोटमध्ये अगदी नेमका बसणारा. चवली, पावली, अधेली सगळ्या नेमक्या बसल्या असत्या. शंभर पैशांपैकी मात्र २५, ५० आणि ७५ पैसे सोडले तर एकही नेमका बसत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे डेसिमल, काही ठिकाणी तिलाच न्यूमरिक म्हणतात. इथे आकडा दशमानातच साठवला जातो, आपण कागदावर लिहितो तसा. ०.१ म्हणजे ०.१. पैशांसाठी, तोळा-ग्रॅमसाठी, क्विंटलसाठी हीच तऱ्हा. विहिरीच्या पाण्याची पातळी किंवा हवामान केंद्राचं तापमान फ्लोटमध्ये ठेवलं तर काही बिघडत नाही, कारण मोजणारं यंत्रच त्याहून मोठी चूक करत असतं. पैशाचं तसं नाही. पैसा मोजला जात नाही, गणला जातो.

फ्लोटचा त्रास शोधतानाही होतो. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्राममध्ये चार बाइटच्या, म्हणजे कमी मापांच्या, फ्लोट रकान्यात ०.१ ठेवा आणि मग "जिथे आकडा ०.१ आहे त्या ओळी दाखव" म्हणा. एकही ओळ मिळत नाही. समोर ०.१ दिसतोय आणि डेटाबेस म्हणतो, नाही. रकान्यातला ०.१ कमी मापांनी तोललेला, विचारलेला जास्त मापांनी, म्हणून दोन्ही जुळत नाहीत. नवा मुलगा यावर दिवस घालवतो.

रकाना आखताना

डेसिमल रकान्याला दोन संख्या द्याव्या लागतात: एकूण अंक किती आणि त्यांपैकी दशांश चिन्हानंतर किती. डेसिमल (५,२) लिहिलं की बरेच जण समजतात, चिन्हाआधी पाच आणि नंतर दोन. तसं नाही. एकूण पाच, त्यांपैकी दोन मागे. म्हणजे सगळ्यात मोठा आकडा ९९९.९९. गाडीच्या वजनाला हा रकाना पुरेल, पण हंगामाच्या एकूण आवकेला पहिल्याच आठवड्यात अपुरा पडेल. रकमेसाठी (१२,२) घेतला तर ९९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ रुपये ९९ पैशांपर्यंत जागा मिळते.

आता यातली खरी मेख. (५,२) च्या रकान्यात १२३४.५० घालायला गेलात तर पोस्टग्रेस एरर देतो आणि नोंद घेत नाही. पण १२.३४५ घातलात तर तो न बोलता १२.३५ करून ठेवतो. पुढे जागा कमी पडली तर ओरडतो, मागे कमी पडली तर गपचूप राउंड करतो. म्हणजे प्रोग्राममध्ये राउंडचा शब्दही लिहिला नसला तरी राउंडिंग झालेलं असतं. मामांच्या ओळी अशाच राउंड झाल्या होत्या. रकान्याने केल्या, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला, म्हणजे मला, ते आठवलंही नाही.

भागाकाराचं एक सांगून पुढे जातो. पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांक ७ ला पूर्णांक २ ने भागलं तर उत्तर ३ येतं, मागचा अर्धा छाटला जातो. मायएसक्यूएल आणि ओरॅकल ३.५ देतात. प्रोग्राम एकावरून दुसऱ्यावर नेताना हे आधी तपासा.

अर्धा पैसा कोणाचा?

६४.८१४ असेल तर खाली, ६४.८१६ असेल तर वर, यावर वाद नाही. वाद फक्त बरोबर मधोमध असलेल्या ६४.८१५ चा. शाळेत शिकलो की पाच आला की वर. पण नेहमी वरच नेलं तर दर वेळी एकाच बाजूला अर्धा पैसा जातो. मामांच्या तिन्ही ओळी योगायोगाने मधोमध होत्या आणि तिन्ही वर गेल्या. कपात असेल तर शेतकऱ्याचं नुकसान, देणं असेल तर त्याचा फायदा. म्हणून दुसरी एक पद्धत आहे: मधोमध असेल तर जवळच्या सम अंकाकडे न्यायचं. २.५ चे २ आणि ३.५ चे ४. हजारो नोंदींमध्ये वर-खाली साधारण सारखं होतं.

डेटाबेस यांपैकी कोणती पद्धत वापरतो? पोस्टग्रेसमध्ये डेसिमल २.५ राउंड केला तर ३ येतात. तोच २.५ फ्लोट म्हणून दिला तर बहुतेक मशीनवर २ येतात. एकाच नावाची क्रिया, एकच आकडा, उत्तरं दोन, आणि फरक फक्त रकान्याच्या जातीचा.

कराच्या बाबतीत ही निवड आपल्या हातात नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ चं कलम १७० सांगतं की कराची रक्कम जवळच्या रुपयाला न्यायची, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. १९६१ च्या आयकर कायद्यात उत्पन्न आणि कर दहाच्या पटीत न्यायचं सांगितलं होतं. कायद्याने नियम दिला असेल तर तोच लिहायचा, आपल्या आवडीचा नव्हे.

राउंडशिवाय छाटण्याच्या क्रियाही आहेत. ट्रंक मागचे दशांश कापून टाकतो. फ्लोअर खालच्या पूर्णांकाकडे नेतो, सील वरच्या. धन आकड्यांवर ट्रंक आणि फ्लोअर सारखेच दिसतात, म्हणून लोक कोणताही वापरतात. आणि मग माल परत येतो. २.५ चा फ्लोअर २. परतीची नोंद उणे २.५, तिचा फ्लोअर उणे ३. विक्री आणि परती एकमेकांना खाऊन शून्य व्हायला हवी होती, तिथे खात्यात उणे एक शिल्लक राहतो. राउंड आणि ट्रंक दोन्ही बाजूंना सारखे वागतात, त्यांचं शून्य होतं.

आधी तपासायचं की आधी राउंड करायचं?

इथे गोष्ट पैशापुरती राहत नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेतं तेव्हा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर असेल तर खरेदी नाही. समजा एखाद्या प्रोग्राममध्ये मीटरचा आकडा १२.०४ आला. प्रोग्रामने तो आधी एका दशांशापर्यंत राउंड केला तर १२.० होतो आणि गाडी आत जाते. आधी तुलना केली तर १२.०४ हा १२ पेक्षा जास्त आहे आणि गाडी परत जाते. पावसात भिजलेला माल घेऊन तीस किलोमीटर आलेल्या माणसाचा दिवस या दोन ओळींच्या क्रमावर ठरतो. हा क्रम लिहून ठेवलेला असावा आणि सगळ्या गाड्यांना एकच असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

पुन्हा पुन्हा राउंड करणं तर सरळ चूक आहे. २.४४९ चे २.४५ केले, मग २.५, मग ३. मूळ आकडा अडीचच्याही खाली होता. म्हणून साठवताना पूर्ण आकडा ठेवायचा आणि राउंड शेवटी, एकदाच करायचं, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो.

आपल्या खान्देशात ही समज नवी नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढल्याची त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत वर्तुळाचा परीघ काढायला दोन गुणोत्तरं दिली आहेत: ३९२७ भागिले १२५०, याला ते सूक्ष्म म्हणतात, आणि २२ भागिले ७, याला स्थूल आणि व्यवहारयोग्य. चौदा हात व्यासाची विहीर घ्या. स्थूल रीतीने परीघ ४४ हात, सूक्ष्म रीतीने ४३.९८. विहीर बांधणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण त्यांनी दोन्ही आकडे दिले आणि कोणता कशासाठी तेही सांगितलं. रकाना आखताना मी आता हाच प्रश्न विचारतो: हा आकडा सूक्ष्म की व्यवहारापुरता?

"एका पैशासाठी एवढं कशाला?"

कारण मशीन तेच काम हजारो वेळा करतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये एक निर्देशांक १००० पासून सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जायचा आणि तीन दशांशांनंतरचं राउंड न करता छाटलं जायचं. एका वेळी हजारांशाहूनही कमी जायचं. पण दिवसातून हजारो वेळा, आणि नेहमी खालीच. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास होता. चूक दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. निम्म्याहून जास्त निर्देशांक छाटणीत गेला होता.

आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट यंत्रणा येणारं क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक गेले. यंत्रणा वेळ दशांश सेकंदात मोजत होती आणि ०.१ हा आकडा तिच्या २४ बिटच्या मापांत नेमका बसत नव्हता. सलग शंभर तास चालल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकलं होतं. वर पावशेर-छटाकात पाहिलं तेच हे.

"मग सगळं पैशांतच ठेवलं तर?"

हा सुचवणारे पुष्कळ भेटतात आणि चुकीचं सुचवत नाहीत. १९९.६८ रुपयांऐवजी १९९६८ पैसे, पूर्णांक. फ्लोटची भानगड संपते. पण अर्धा पैसा संपत नाही. गुणाकार-भागाकारात तो पुन्हा उगवतो. सराफ बाजारात ४५,६७१ रुपयांच्या दागिन्यावर ३ टक्के कर १३७०.१३ होतो. तोच केंद्राचा दीड आणि राज्याचा दीड असा वेगळा काढला तर रुपयाला नेण्याआधी प्रत्येकी ६८५.०६५, पैशाला राउंड करून ६८५.०७, दोन्ही मिळून १३७०.१४. इथे दोन ओळी छापल्या जातात, म्हणून एकूण त्या ओळींच्या बेरजेइतकंच असायला हवं.

वाटणीतही हेच. हजार रुपये तीन भावांत वाटले तर प्रत्येकी ३३३.३३ आणि एक पैसा उरतो. तो कोणाला द्यायचा हे आधी ठरवा, सातबारावर पहिलं नाव असेल त्याला द्या हवं तर, पण तो हवेत सोडू नका. ताळेबंद मार्चमध्ये तोच पैसा शोधत बसतो.

आकड्याला कुंपण

आता दुसरा भाग, मर्यादेचा. एका जिनिंगमध्ये काट्यावरच्या मुलाने २४.५० ऐवजी २४५० लिहिलं. टिंब दाबायचं राहिलं. माझ्या प्रोग्रामने ते घेतलं, भावाने गुणलं आणि कोटींच्या घरातली पट्टी तयार केली. बँकेत जाण्याआधी मुनीमजींच्या नजरेला पडली म्हणून वाचलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण टेबलात, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्याच्या आखणीत, एक ओळ असती तर ती नोंद दारातच अडली असती: वजन शून्यापेक्षा जास्त आणि ४०० क्विंटलपेक्षा कमी. या अटीला चेक म्हणतात. अट मोडणारी नोंद डेटाबेस घेतच नाही.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी एक पाहावं: ८.०.१६ या आवृत्तीच्या आधी तो चेकची अट मुकाट्याने वाचायचा आणि सोडून द्यायचा. जुन्या सर्व्हरवर कुंपण काढलेलं दिसेल, पण ते नुसतं नकाशावर.

अडवण्याऐवजी दाबून बसवण्याचीही रीत आहे. लीस्ट आणि ग्रेटेस्ट या क्रियांनी सांगायचं, ४०० च्या वर गेलं तर ४०० धर. कपातीला कमाल मर्यादा ठरलेली असेल, ठिबकच्या सेन्सरचा ओलावा १०१ टक्के येत असेल, तिथे हे योग्य. पण माणसाने लिहिलेल्या वजनाला हे लावू नका. २४५० दिसला असता तर कोणीतरी दचकलं असतं. त्याचे ४०० झाले की तो खऱ्या आकड्यासारखा दिसतो आणि वर्षभर कोणी बघत नाही.

यात रिकाम्या नोंदीचा मोठा सापळा आहे. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, माहिती नाही. चेकची अट अशा नोंदीला अडवत नाही, कारण "माहिती नाही" म्हणजे अट मोडली असं होत नाही. म्हणून रकान्याला नॉट नल, म्हणजे रिकामा चालणार नाही, असं वेगळं सांगावं लागतं. आणि पोस्टग्रेसमध्ये लीस्ट रिकाम्याकडे दुर्लक्ष करतो: रिकामं वजन आणि ४०० यांतलं लहान विचारलं तर तो ४०० सांगतो. गाडी तोललीच नाही आणि नावावर चारशे क्विंटल. मायएसक्यूएल आणि ओरॅकल इथे रिकामंच परत देतात.

"तपासणी प्रोग्राममध्ये आहे की, टेबलात पुन्हा कशाला?"

कारण टेबलाला दारं अनेक असतात. काट्यावरचा कॉम्प्युटर, मालकाच्या मोबाइलमधलं ॲप, जुन्या एक्सेल फाइली ओतणारा माणूस, आणि रात्री अकरा वाजता थेट डेटाबेसमध्ये हात घालून "एकच आकडा दुरुस्त करतो" म्हणणारा मी. प्रोग्राममधली तपासणी फक्त एका दारावर उभी असते. तीही हवी, कारण मुलाला नीट शब्दांत सांगायला तीच उपयोगी पडते. पण शेवटचं कुलूप टेबलाला.

मामांच्या पट्टीचं काय केलं ते सांगतो. भाव आणि वजनाचे रकाने डेसिमल होतेच. हमालीची प्रत्येक ओळ आता रकान्याच्या मर्जीवर न सोडता स्वतः राउंड करतो, दोन स्थानांपर्यंत, आणि एकूण रक्कम त्या राउंड केलेल्या ओळींची बेरीज असते, वेगळ्या गुणाकाराने काढलेली नसते. शेवटी रुपयाला नेताना जो फरक पडतो त्याला "राउंड ऑफ" नावाची स्वतंत्र ओळ दिली आहे, ती छापलीही जाते. तीच पट्टी नव्याने काढून मामांना दिली. हमाली आता १९९.६८ आली, त्यांचा एक पैसा जास्त कापला गेला. त्यांनी पानावरची बेरीज ताडून पाहिली आणि तो कबूल केला.